ओटिलीचं ताट

ओटिलीच्या थडग्यावर दगड बसवायचा दिवस उजाडला, तेव्हा तिची लेक मेरिस पहाटेपासून एकच ओळ घोकत बसली होती. कॅरिआकू बेटावर दगड बसला की मेलेल्याला जेवायला हाक मारायची, ती पोटच्या पोरानंच मारायची, आणि ती पात्वातच, बेटावरच्या जुन्या बोलीतच मारायची. इंग्रजी काय, शाळेची आणि सरकारची. माणूस मेला की इंग्रजी इथंच राहते, त्याला पात्वाच तेवढी कळते, असं सगळे म्हणत. हाक समजली नाही तर आई उपाशीच परत जाणार.

आणि मेरिसला पात्वा येत होती कुठे? ओटिलीनंच येऊ दिली नव्हती. शेजारणींशी तासन्‌तास पात्वात खिदळायची, पण पोरगी दारात दिसली की तोंडाला कुलूप. "जा, अभ्यास कर." तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पोरगी शिकून मोठी व्हावी म्हणून बाई अख्खी भाषा गिळून बसली. काय म्हणावं असल्या मायेला!

ओटिलीचा भाऊ सिल्वानुस हाक शिकवायला आठवडाभर भाचीच्या मागे लागला होता.

"घशातून काढ गं! सर्दी झालेल्या बोकडासारखी काय बोलतेस?"

"मामा, तुम्हीच मारा ना हाक."

"मी मारली तर ती भांडायला येईल, जेवायला नाही."

संध्याकाळी आतल्या खोलीत ताट मांडलं. मक्याचा गोळा, बोकडाचं मटण, तळलेला मासा, सगळं बिनमिठाचं, मेलेल्यांना मीठ चालत नाही म्हणून. मेरिसनं जमिनीवर पाणी शिंपडलं, मग रम, आणि हाक मारली. ऊठ ओटिली, लेक बोलावतेय, ताट वाढलंय. एक शब्द चुकला नाही. दारातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "अगदी आईचा आवाज गं बाई!" म्हणत एकीनं डोळ्याला रुमाल लावला. मेरिसलाही भरून आलं. आई आली, तिला खात्रीच वाटली.

"आता बोल तिच्याशी," मामा म्हणाला. "आलीय ती. मनात असेल ते सांग."

मेरिसनं पात्वातले शब्द शोधले. पाठ केलेली हाक तेवढी तिची होती, ती संपली.

"मला सांग इंग्रजीत. मी पोचवतो," मामा हळूच म्हणाला.

मेरिसनं दाराकडे पाहिलं. सगळी वाडी कान टवकारून उभी. तिला विचारायचं होतं, आई, तू लाडानं मला कधी काही म्हणालीस का गं? तुझ्या भाषेत, मी झोपल्यावर तरी? हे मामाच्या तोंडून कसं विचारायचं?

"तिला म्हणावं, मासा आजचाच आहे," ती म्हणाली. "पोटभर जेव."

मामानं सांगितलं. पात्वात ते बरंच लांबलं. सांगता सांगता म्हातारा रडायला लागला, मागच्या बायकाही रडल्या. काय सांगितलं, ते मेरिसला कळलं नाही.