चकतीवरचं तेल

“वयनी, समदीकडं त्याल लावा, पन त्या चकतीला नको हां,” धाऊ म्हणाला, तेव्हा रंजिताने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ती अक्षदाला वरणभात भरवत होती, पोरगी तोंड फिरवत होती. अंगणातल्या फरशीवर धाऊ हिलम उकिडवा बसून चिखलाने माखलेली सायकल धूत होता. ब्रेकच्या पातळ लोखंडी चकतीवर त्याने बोट ठेवलं होतं.

“कळतं मला,” ती म्हणाली. “बी.कॉम. झालेय मी, धाऊ.”

“व्हय, त्ये हायच,” धाऊ हसला. “पन सायकलीला कुटं ठावं?”

तिला राग आला नाही. आदिवासी वाडीवरच्या माणसाच्या बोलण्याचा राग काय धरायचा, असं तिला वाटलं. तो तिच्या वडिलांच्या वयाचा होता आणि सगळ्या गावासारखी तीही त्याला अरेतुरे करायची. त्यात वावगं काही आहे, हेही तिला तेव्हा वाटत नव्हतं.

सिद्धगडाच्या पायथ्याशी तिच्या नवऱ्याने, संदेशने, घराला लागून पत्र्याची शेड घातली होती आणि तिथे भाड्याने द्यायला दहा माउंटन बाईक ठेवल्या होत्या. शनिवार-रविवारी कल्याण-डोंबिवलीची मुलंमुली यायची, जंगलाच्या वाटेने वर चढायची आणि ओढे-चिखल तुडवत खाली यायची. सोमवारी सायकली ओळखू येत नसत. मग धाऊ यायचा. पहिल्या वर्षी पुण्याहून एक मेकॅनिक शिकवायला आला होता. दोन दिवस संदेश मोबाइलवर बोलत राहिला आणि धाऊ शिकला.

चाकाच्या मधोमध पाइपचा फवारा मारायचा नाही, आतलं ग्रीस निघून जातं. मऊ ब्रश, बादलीतलं पाणी. साखळी डिझेलच्या फडक्याने पुसायची, प्रत्येक कडीवर एकच थेंब तेल सोडायचा, मग पेडल उलटं फिरवत वरचं तेल टिपून घ्यायचं. चकतीसाठी त्याच्याकडे वेगळं फडकं होतं. ते सदऱ्याच्या खिशात असायचं, दुसऱ्या कशाला लागू द्यायचा नाही; चकतीला तेलाचं बोट लागलं तरी ब्रेक धरत नाही. शेवटी चाक उचलून गरकन फिरवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. संदेश चेष्टेने म्हणायचा, “काय रे, पल्स लागतेय का?”

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि शेडमध्ये पाणी शिरलं. धाऊची बायको ठकू तापाने फणफणली होती, म्हणून तो दोन दिवस आला नव्हता. शनिवारी सकाळी रंजिता शेडमध्ये गेली तर चकत्यांवर नारिंगी गंज धरलेला. तासाभरात ग्रुप येणार होता. मुंबईकडचे लोक, त्यांच्यापुढे गंजकी सायकल कशी ठेवायची? तिच्या माहेरी, टोकावड्याला, तिचे वडील कापणी झाली की विळ्या-कोयत्यांना तेल चोळल्याशिवाय ते खुंटीला लावत नसत. लोखंड कोरडं ठेवलं की मरतं, म्हणायचे. तिने शिलाई मशीनचं तेल आणलं, चिंधी भिजवली आणि चकत्या पुसायला घेतल्या. चांगल्या चकचकीत झाल्या. तिसरी सायकल होईतो अक्षदा उठून रडायला लागली, म्हणून ती आत गेली.

धाऊ आला तोवर ग्रुप वर गेला होता. त्यांना आणायला पहाटेच बाहेर पडलेला संदेशही तसाच त्यांच्याबरोबर गेला; सायकली धाऊनेच पुसल्या, असं त्याने धरलं होतं.

चढावर ब्रेक कोण दाबतं? उतरताना, तिसऱ्या वळणावर, मनाली नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीची सायकल थांबलीच नाही. ती पहिल्यांदाच आली होती. दगडी बांधावर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं, समोरचे दोन दात गेले. तिला जीपमधून खाली आणलं तेव्हा रंजिताने तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावला. पाणी लाल झालं.

“ब्रेक लागलाच नाही, ताई,” मुलगी म्हणाली. तक्रार करावी तशी नाही, नवल वाटावं तशी.

जीप मुरबाडच्या दवाखान्याकडे गेल्यावर ग्रुपच्या सुरेंद्रने सायकल उलटी केली. चकतीवरून बोट फिरवलं, चोळून पाहिलं. “तेल आहे यावर. डिस्कला तेल! कोण धुतं सायकली तुमच्याकडे?”

“धाऊ!” संदेश ओरडला. “अक्कल गहाण टाकलीस का रे? दोन वर्षं काय झोपेत धूत होतास?”

धाऊ वाकला. त्यानेही बोट लावलं, नाकाशी नेलं. साखळीच्या तेलाला तसा वास नसतो. त्याने मान वर केली आणि ओट्यावर पोरीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या रंजिताकडे पाहिलं. एकदाच. मग त्याने नजर खाली घेतली.

“चुकलं आसंल, दादा,” तो म्हणाला.

बोलायची वेळ तीच होती. रंजिताच्या डोळ्यांपुढे पोलीस, केस, कोर्ट असं सगळं एका दमात उभं राहिलं. अक्षदा अजून अंगावर पीत होती. आपल्याला नेलं तर हिला कोण बघणार? ती पोरीला घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी धाऊ शेडची किल्ली द्यायला आला. संदेश घरात नव्हता.

“मी सांगते यांना,” ती म्हणाली. पण म्हणाली ती अशा आवाजात, की समोरच्याने नको म्हणावं.

धाऊने तेही समजून घेतलं. “ऱ्हाऊ द्या, वयनी. पोर अंगावर पिते तुमची. माझं काय, मला कोन इचारतं?”

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. पुढे कित्येक महिने तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या हलक्या वाटण्याची. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या क्षणी तिला चक्क बरं वाटलं होतं.

पोलीस आलेच नाहीत. मनालीच्या वडिलांनी कुणाविरुद्ध काही केलं नाही. म्हणजे जी भीती धरून ती गप्प बसली, ती भीतीही खरी निघाली नाही. संदेशने मात्र सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकलं होतं: वाडीवरचा माणूस होता, काढून टाकला आहे, आता ट्रेनिंग घेतलेला मुलगा ठेवला आहे. टोकावड्याच्या एका कॅम्पवाल्याने धाऊला कामाला बोलावलं होतं, त्याने हे वाचून नको म्हणून सांगितलं. दिवाळी झाली आणि वीटभट्टीच्या मुकादमाचा टेम्पो वाडीत आला. ज्या माणसाने दोन वर्षं भट्टीचं नाव काढलं नव्हतं, तो ठकूला घेऊन विटा पाडायला गेला.

ट्रेनिंग घेतलेला मुलगा कुणी नव्हताच. सोमवारी सायकली रंजिताच धुऊ लागली. पहिल्याच दिवशी साखळीत बोट चेमटलं. चाक फिरवून तिने कान लावला, तर तिला काहीच ऐकू येईना.

जानेवारीत एकदा जेवताना तिने संदेशला सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. 

“आता?” तो म्हणाला. “लोक काय म्हणतील? आपण खोटं लिहिलं म्हणतील. झालं ते झालं, रंजी. तो काय परत येणाराय का?”

तिने ताटं उचलली. 

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाडीतली माणसं भट्ट्यांवरून परतू लागली. रंजिता दुपारी अक्षदाला घेऊन वाडीत गेली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण तिथे ती पहिल्यांदाच जात होती. धाऊच्या झोपडीचं दार तारेने बांधलेलं होतं. शेजारच्या जनाबाईने तिला आधी नखशिखान्त न्याहाळलं.

“आता वाट गावली व्हय गो तुला?”

“धाऊदादा आले नाहीत?”

“दादा!” जनाबाई मोठ्याने हसली, मग थांबली. “नाय आला. छाती भरली त्याची. रातभर खोकतंय, मंग सकाळी चिखल तुडवतंय. आमी बोललो, चल माघारी. तर मुकादमानं दुसऱ्या भट्टीवर नेलं दोघांना. शहापूरकडं, भातसा नदीच्या काठानं कुटं तरी. फोन लागत नाय.”

“माझ्याबद्दल काही बोलले का?”

“तुज्याबद्दल?” जनाबाईने कपाळाला आठ्या घातल्या. “तुज्याबद्दल काय बोलनार? कायच नाय.”

दुसऱ्या दिवशी ती एसटीने मुरबाडहून शहापूरला गेली, पोरीला मांडीवर घेऊन. तीन भट्ट्या फिरली. माणसं विटा रचत राहिली. साडीतली, पर्स लटकवलेली बाई कुणाचा ठावठिकाणा विचारते म्हटल्यावर कुणी तोंड उघडेना. एका मुकादमाने, “कोन तुमी? सरकारी का?” विचारलं. मी कोण, ते तिला सांगता येईना. अक्षदा उन्हाने लालबुंद झाली, तेव्हा ती परत फिरली.

घरी येऊन तिने पोरीला निजवलं, संदेशला सांगितलं, “मी लिहितेय,” आणि त्याचं उत्तर येण्याआधी शेडमध्ये जाऊन बसली. ग्रुपवर दीडशेच्या वर लोक होते. त्यात मनालीही होती. तीन वेळा लिहून पुसलं. चौथ्यांदा पाठवलं.

“मी रंजिता, संदेशची बायको. मनालीच्या सायकलीच्या चकतीला तेल मी लावलं होतं. धाऊ हिलम यांनी मला आधी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी समोर उभी होते आणि गप्प राहिले. मनाली, तुझी माफी मागायला मी घरी येईन, तू येऊ दिलंस तर. आता एक काम सांगते. तुमच्यातले बरेच जण रविवारी शहापूरकडे, भातसाच्या काठच्या कच्च्या रस्त्यांनी सायकल नेता. वाटेत भट्टी दिसली तर उतरा. साठीला आलेला, बारीक, उजवा कान थोडा फाटलेला माणूस आहे, बायकोचं नाव ठकू. त्यांना खोकला आहे. कसे आहात विचारलंत तर ‘बरा हाय’ म्हणतील. तेवढ्यावर निघू नका. जरा वेळ तिथे बसा, आणि नीट बघा.”