बाकावरचा पिवळा कोट

डोरीननं तिकीट टोपीच्या आतल्या पट्टीत खोवलं आणि ती टोपी नवऱ्याच्या डोक्यावर दाबून बसवली.

"जा," ती म्हणाली. "आणि सावकाश ये. घाई नको."

"तू काय करशील तोवर?" हार्लननं विचारलं.

"काय करणार? बसेन. बाकावर बसण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय."

हार्लन हसला. त्यानं मनोऱ्याकडे एकदा वर पाहिलं, लगेच मान खाली घातली, बांधलेलीच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि रांगेच्या दिशेनं चालू लागला. टोरोंटोतल्या त्या कडक उन्हात अंगावर पिवळा रेनकोट चढवून बसलेल्या बाईकडे येणारेजाणारे वळून बघत होते. डोरीनला त्याचं काही नव्हतं. दर उन्हाळ्यात लोक बघायचेच.

हार्लननं जन्मभर मिनेसोटातल्या एका गावात शाळेची बस चालवली आणि डोरीननं त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं. शाळेला सुट्टी लागली की दोघं आपली जुनी ब्युइक गाडी काढून एखाद्या मोठ्या शहराच्या वाटेला लागायची. सेंट लुईस, सिअ‍ॅटल, सॅन अँटोनियो, कॅलगरी. यंदा शिकागो, नायगारा आणि शेवटी टोरोंटो. प्रत्येक शहरानं आपापला एक मनोरा उभा केलेलाच असतो. प्रत्येक ठिकाणी डोरीन हार्लनला वर जायचं तिकीट भेट द्यायची आणि स्वतः खाली बसायची. ही रीत लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत, सेंट लुईसच्या मनोऱ्याएवढ्या उंच कमानीखाली पडली. तेव्हा कमानीकडे बघत हार्लन म्हणाला होता, "वरून छान दिसत असेल." त्या रात्री डोरीननं मनात ठरवलं आणि सकाळी नाश्त्याच्या बशीखाली तिकीट ठेवलं.

खाली आल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. नदी कशी रिबिनीसारखी दिसते, पुलावरून गाड्या कशा रांगतात, आणि सगळ्यात शेवटी म्हणाला, "तूसुद्धा दिसलीस. बाकावर. जमिनीवर सांडलेला मक्याचा दाणा असावा तशी." त्या दिवशी तिच्या अंगात पिवळा कोट होता. त्यानंतर कोट बदलत गेले, रंग बदलला नाही. आपला माणूस वरून आपल्याला शोधतो आणि त्याला आपण सापडतो, या एका गोष्टीवर डोरीननं कितीतरी हिवाळे काढले.

ती स्वतः वर का जात नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लहानपणी पैजेवर ती गावातल्या धान्याच्या कोठाराची लोखंडी शिडी चढली होती. अर्ध्यावर जाऊन तिनं खाली पाहिलं आणि हातपाय तिथेच गोठले. नेमकं त्या दिवशी कोठारासमोरच चर्चचं गावजेवण होतं. सगळं गाव बटाट्याच्या सॅलडच्या बशा हातात धरून वर बघत उभं राहिलं. बापानं तिला खांद्यावर टाकून उतरवली. पुढे कित्येक वर्षं कुणी ना कुणी विचारायचं, "डोरीन, पाऊस येतोय का, जरा वरून बघून सांग."

आता ते विचारणारे बरेचसे चर्चमागच्या कबरस्तानात पोचले होते. पण नणंद ग्लॅडिस होती. यंदाच चार जुलैच्या जेवणात, हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मटण-बटाट्याचं, भांडं पुढे सरकवताना ती म्हणाली, "आमची डोरीन सगळी अमेरिका हिंडली हो, पण तळमजल्याच्या वर काही गेली नाही."

सगळी पंगत हसली. सगळ्यात जास्त डोरीन हसली. त्यांच्या मुलखात कुणी लागेल असं बोललं की हसायचं आणि त्याच्याच ताटात दुप्पट वाढायचं. तिनं ग्लॅडिसच्या ताटात दुप्पट वाढलं. "दुरून डोंगर साजरे गं," असंही म्हणाली. पण स्वतःचं ताट तिनं तसंच झाकून ठेवलं.

ही शेवटची मोठी सहल होती. हार्लनची नजर अधू होत चालली होती, ब्युइक भाच्याला द्यायचं ठरलं होतं आणि हिवाळ्याआधी डोरीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आता वर नाही गेलं तर कधीच नाही. म्हणूनच शिकागोला तिनं दोन तिकिटं काढली होती. एक त्याच्या टोपीत, एक आपल्या खिशात. तिथे तिचे पाय दारापर्यंत गेले आणि परत आले. खिशातलं तिकीट वाया गेलं. ज्या बाईनं उभ्या जन्मात शिळा पाव टाकला नाही, डब्याचा चंदेरी कागदसुद्धा धुऊन पुन्हा वापरला, तिला ते तिकीट नायगारापर्यंत खिशात टोचत होतं.

आजही खिशात एक होतं.

डोरीन उठली. समोर जुन्या इंजिनांचं उद्यान होतं, बाजूला बेसबॉलचं मोठं मैदान. मनोऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. ती आपली पायांखालची फरशी बघत रांगेत जाऊन उभी राहिली. पर्स तपासली गेली. कुणीतरी ढकललं आणि "सॉरी" म्हणालं, मग तीही "सॉरी" म्हणाली. बघता बघता ती लिफ्टमध्ये होती.

"आजी, दाराला काच आहे," लिफ्ट चालवणारी मुलगी म्हणाली. "भीती वाटत असेल तर पाठ करून उभ्या राहा."

"नको गं," डोरीनला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "जन्मभर पाठच केलीय."

लिफ्ट निघाली तेव्हा तिनं डोळे मात्र गच्च मिटले. कानांत दडे बसले. डोळ्यांपुढे बटाट्याच्या सॅलडच्या बशा आल्या, वर उचललेले ते सगळे चेहरे आले आणि तिला एकाएकी राग आला. इतकी वर्षं ही माणसं माझ्या मानगुटीवर बसून जेवताहेत! तिनं डोळे उघडले. मैदान पत्त्याच्या पानाएवढं झालं होतं, रस्ते दोऱ्यासारखे, आणि त्यांच्यापलीकडे सरोवराचं पाणी वर वर येत होतं. डोळे न मिटता ती बघत राहिली.

वरच्या मजल्यावर दार उघडलं. भिंत धरून, मग एका खांबाला धरून, मग कशालाच न धरता ती काचेपर्यंत गेली. कपाळ काचेला टेकवलं. खाली सरोवर होतं, त्याला पलीकडचा काठच नव्हता. बेटं होती, पांढऱ्या होड्या होत्या. आणि एक छोटं विमान उतरायला निघालं होतं, ते तिच्या खाली होतं! विमानाची पाठ तिला दिसत होती.

"मी वर आले," ती मोठ्यानं म्हणाली.

शेजारी एक म्हातारे सरदारजी नातवंडांची वाट बघत उभे होते. ते म्हणाले, "आलात की, बाई. सगळेच आलोय."

"तसं नाही. मी वर आले."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, काय उमगलं कोण जाणे, पण पगडी हलवून म्हणाले, "मग तर झकासच झालं!"

डोरीनच्या अंगात आता दहा हत्तींचं बळ आलं होतं. तिनं आपला बाक शोधायला घेतला. ज्या जागेकडे हार्लन इतकी वर्षं बघत आला, ती जागा तिला त्याच्या डोळ्यांनी बघायची होती. इंजिनांचं उद्यान सापडलं. इंजिनं खेळण्यांएवढी झाली होती. बाक दिसेना. तिनं डोळे ताणले, चष्मा पुसला. एवढ्या उंचीवरून धड माणूस ओळखू येत नव्हता, तर बाक कुठला आणि कोट कुठला.

ती काचेपासून मागे सरली. म्हणजे त्याला मी कधीच दिसले नव्हते. उन्हातान्हात, घामाच्या धारा लागलेल्या असताना मी पिवळं घालून बसत होते आणि हा गृहस्थ वरून थापा मारत होता! आज याची चांगली हजेरी घेते, असं म्हणून ती त्याला शोधायला निघाली. काचेकडेनं तिनं सगळी गोल फेरी मारली. हार्लन कुठल्याच काचेपाशी नव्हता.

तो सापडला आतल्या बाजूला, स्वच्छतागृह आणि भेटवस्तूंचं दुकान यांच्या मधल्या भिंतीपाशी. पाठ भिंतीला चिकटलेली, दोन्ही हातांनी मागचा कठडा आवळलेला, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली आणि डोळे घट्ट मिटलेले. कपाळावरून घाम गळत होता. ओठ हलत होते. डोरीन अगदी जवळ जाऊन उभी राहिली तेव्हा तिला ऐकू आलं.

"पाणी... पुष्कळ पाणी. होड्या. पांढऱ्या. पूल... नको, पूल शिकागोला होऊन गेला. आणि बाकावर डोरीन. पिवळी. मक्याच्या दाण्यासारखी. बाकावर डोरीन."

शाळेतली पोरं घोकंपट्टी करतात तसं तो घोकत होता. डोरीनचा राग जागच्या जागी विरघळला. तिच्या नवऱ्याची इतक्या वर्षांची झाकली मूठ तिच्यासमोर उघडी पडली होती आणि त्या मुठीत तिच्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. मग डोळे पुसून आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत कधीकाळी भाजलेला तिचा अंगठा त्यानं डोळे न उघडता ओळखला.

"डोरीन?"

"हं."

"तू वर?"

"वर."

"मग बाकावर कोण आहे?"

"कोणी नाही. बाक रिकामा आहे. आपण दोघंही वर आहोत."

तो हळूच म्हणाला, "कळलं तर तुला."

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून. सेंट लुईसला तर मला उलटी झाली होती. टोपीत."

"वाऱ्यानं उडाली म्हणाला होतास ती टोपी?"

"तीच."

"अरे वेड्या, मग सांगायचं नाही का? मी काय मारलं असतं तुला?"

"तू भेट दिली होतीस. भेटीला कोण नको म्हणतं?" हार्लन म्हणाला. "आणि खाली आलो की तू इतकी खुशीत ऐकायचीस. पुढच्या वर्षी वाटलं, एकदाच काय ते जाऊन येऊ. मग त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच वाटलं."

भीड भिकेची बहीण म्हणतात. त्यांच्या मुलखात ती घराघरात सख्ख्या बहिणीसारखी नांदते. लोक न आवडणारा लोकरीचा स्वेटर जन्मभर अंगात घालतात, न पचणारी खीर दोनदा मागून घेतात. पण भेट म्हणून मिळालेली धडकी कुणी दर उन्हाळ्यात नव्यानं घेतल्याचं डोरीनच्या ऐकिवात नव्हतं. तिनं एकदाच वर चढून मोठा पराक्रम केला होता. हा माणूस दर वर्षी जीव मुठीत धरून चढत होता, तिला गोष्ट सांगता यावी म्हणून.

"डोळे मिटलेलेच ठेव तू," ती म्हणाली. "या खेपेला मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. सरोवराला पलीकडे काठ नाही हे सांगितलं, विमानाची पाठ कशी दिसते ते सांगितलं. उन्हात पाणी कसं उकळत्या साबणासारखं चमकतं, एक बोट बेटाकडे निघालीय, तिच्यामागे पांढरी रेघ उमटतेय. रिबिनीसारखं काहीही नाही, असंही बजावून सांगितलं. हार्लन ऐकत होता. कठड्यावरची त्याची बोटं हळूहळू सैल झाली.

"आणि मक्याचा दाणा?" त्यानं विचारलं.

"तो खाली कुठून दिसणार? बघायचाच असेल तर इथे बघ."

हार्लननं एक डोळा किलकिला उघडला. त्यानं सरोवराकडे पाहिलं नाही, विमानाकडे पाहिलं नाही. समोर पिवळ्या रेनकोटमध्ये, विस्कटलेल्या केसांनी, रडून लाल झालेल्या नाकानं उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"वाईट नाही," तो म्हणाला आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

मिनेसोटातला माणूस याहून मोठं कौतुक करत नाही. लग्नाच्या दिवशीही तो एवढंच म्हणाला होता.

सरदारजींनी डोरीनच्या फोनवर दोघांचा फोटो काढून दिला. डोरीननं तो तिथेच, मनोऱ्याच्या टोकावरून, ग्लॅडिसला पाठवला. उत्तर यायला वेळ लागला नाही.

"अगं बाई, खरंच वर गेलीस? पण हार्लनचे डोळे मिटलेत बघ. दुसरा काढून घे."

"काय म्हणते?" हार्लननं डोळे मिटूनच विचारलं.

"काही नाही. खूश झालीय." डोरीननं त्याचा हात धरून त्याला लिफ्टच्या रांगेत उभं केलं. मग मोकळ्या हाताच्या भाजलेल्या अंगठ्यानं, एकेक अक्षर शोधत, तिनं नणंदेला लिहिलं, "दुसरा काढणार नाही. हाच उत्तम आलाय."