शिकून आलेल्या पेशी

मी तुळशीराम, एसटीतला रिटायर्ड ड्रायव्हर. राग माझ्या नाकावरच असतो असं सगळं उंद्री गाव म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. पण त्या सकाळी मला राग नाही आला, भीती वाटली. कारण माझी बायको महामाया माझ्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, "चांगला झाला."

लग्न झाल्यापासून तिनं माझ्या चहाला चांगलं म्हटलेलं नाही. कधी पाणचट, कधी काढा. एकदा तर "इंजनात टाका, गाडी चालंल" असंही म्हणाली होती. आणि त्या दिवशी मी साखर टाकायलाच विसरलो होतो. माझा कप तोंडाला लावल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

मी उठलो आणि तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसावा इतकं तापलेलं होतं.

"अवं, आत्ता तं थर्मामीटर लावलं तू! मी सोता पाह्यलं, ताप नव्हता."

तिनं पदर सावरला आणि आतून ओल्या फडक्याची घडी खाली पडली. थर्मामीटर लावायच्या आधी बाई काखेत माठातल्या पाण्याचं फडकं धरत होती. मला ताकास तूर लागू दिली नाही.

आता राग आला. का आला ते सांगतो. महामायाला रक्ताचा कॅन्सर. केमो झाली, बरी झाली, आणि तो परत आला. मग मुंबईच्या डॉक्टर मनालींनी तिच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवलं आणि सलाईनसारख्या पिशवीतून परत तिच्या अंगात सोडल्या. मला हे समजायला वेळ लागला, तिला नाही. "माह्याच पोरी हायेत, शिकून घरी आल्या," ती म्हणाली. तेव्हापासून त्या पोरीच. उकडलेलं अंडं खायचा तिला कंटाळा, पण पोरींच्या नावानं खायची.

या पोरी अंगात टिकून आहेत का, हे अधूनमधून बघावं लागतं. खामगावला रक्त द्यायचं आणि ते मुंबईला तपासायला जायचं. त्या संपल्या तर आजार परत डोकं वर काढू शकतो. पुढची तपासणी त्याच आठवड्यात होती. आणि मधल्या काळात थोडा जरी ताप आला तरी लगेच फोन करायचा, हे मला बजावून सांगितलेलं होतं.

"काऊन लपवला ताप?" मी ओरडलो.

"ओरडू नका. रक्त देऊ द्या, मंग सांगनारच होती."

"मंग म्हंजे? जीव गेल्यावर?"

"तुमाले आठवत नाई का? मुंबईले ताप आला तवा मनालीबाई काय म्हनल्या? स्टिरॉइड लागलं तं देऊ, पन जपून, त्यानं ह्या पेशी थंड्या पडू शकतात. ताप सांगतला की देतीन ते औषध, अन् माह्या पोरी मरतीन."

मी तिच्यासमोरच डॉक्टर मनालींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकू, तो ताप वेगळा होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या पेशी जोरात लढत होत्या म्हणून आला होता. आताचा बहुतेक संसर्गाचा आहे. त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि तेही आत्ता. काका, लगेच निघा. मी खामगावच्या डॉक्टरांशी बोलते."

शेजाऱ्याची गाडी मागून घेतली. जन्मभर प्रवाशांच्या शिव्या खात सावकाश गाडी चालवली, त्या दिवशी नाही चालवली. वाटेत मी तिला नाही नाही ते बोललो. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला काही झालं तर माझं काय होईल, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात रक्त घेतलं, त्यातलं तपासणीसाठी मुंबईलाही पाठवलं, आणि औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं.

"मुंबईले तुमी दवाखान्याच्या जिन्याखाली चटई टाकून झोपत होते. माह्या खोलीच्या बाथरूमात नळ सुरू करून रडत होते. मले ऐकू येत होतं. पोरी गेल्या असत्या तं ते सगळं पुन्हा पह्यल्यापासून. तुमच्याच्यानं झालं नसतं, म्हनून मी त्यांले जपून राह्यली होती."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला वाटत होतं, नळाच्या आवाजात माझं रडणं लपतं.

मुंबईहून रिपोर्टचा फोन आला तेव्हा मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर होतो. पेशी आहेत, डॉक्टर मनाली म्हणाल्या, आणि कॅन्सर कुठंच दिसत नाही. उलट पोरी इतक्या कामसू की कॅन्सरबरोबर त्याच जातीच्या चांगल्या पेशीही साफ करून टाकतात. रोगाशी झगडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात ती त्या चांगल्या पेशींपासूनच. म्हणून संसर्ग झाला. आता मधून मधून प्रतिद्रव्यांचं सलाईन घ्यावं लागेल.

माझा जीव भांड्यात पडला. महामाया मात्र वरच्या पंख्याकडे बघत राहिली.

"अन् त्या गेल्या असत्या तं?" तिनं विचारलं.

"तं पुन्हा मुंबईले."

"तुमच्याच्यानं झालं असतं का?"

खोटं बोलायचं होतं, पण तिच्यापुढं ते टिकत नाही.

"नसतं झालं," मी म्हणालो. "तरी केलं असतं."

ती सलाईनचा हात सांभाळत भिंतीकडे सरकली आणि खाटेवर माझ्यापुरती जागा करून दिली.