माझ्या तिसऱ्या ओळीची लाज

मित्रांनो, मी एक जुना लेख आहे आणि आज तुमच्यापुढे मान वर करून बोलायची माझी छाती होत नाही. आत्मवृत्त सांगणाऱ्या बाकीच्या मंडळींचे बरे असते. छत्री सांगते, मी झिजले आणि मला अडगळीत टाकले. सायकल सांगते, मला गंज चढला तरी कुणी तेल घातले नाही. त्यांच्यावर अन्याय झालेला असतो, म्हणून ऐकणाऱ्याला त्यांची कीव येते. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. जो झाला तो माझ्या हातून झाला.

मी कागदावर छापलेला नाही. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो पगार न घेणारी माणसे लिहितात आणि पगार न घेणारीच माणसे तपासतात. त्यात माझे एक पान आहे. माझा विषय उपशामक काळजी. नाव जडशीळ असले तरी गोष्ट साधी आहे. मोठ्या आजारात माणसाला दुखते, धाप लागते, अन्न जात नाही, भीती वाटते. आजार बरा होवो न होवो, हा त्रास कमी करायचा आणि घरच्यांनाही धीर द्यायचा, एवढाच तिचा अर्थ. आणखी एक सांगून ठेवतो. मी ज्याच्या पडद्यावर उघडतो, त्याच्या खोलीतले मला दिसते आणि ऐकू येते. म्हणजे पुढचे सगळे मला कसे कळले, असे तुम्ही विचारायला नको.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला लिहिणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत, अगदी त्यांच्या सासूबाईसुद्धा. बावीस वर्षे त्या नर्स होत्या. त्यातली शेवटची नऊ वर्षे घरोघरी जाऊन आजारी माणसांना बघण्यात गेली होती. घरी आल्या की पिशवी खुंटीला टांगत, टेबलाचा एक कोपरा पुसून घेत आणि दोन बोटांनी मला लिहायला बसत. त्यांचे यजमान शिंपी होते. ते समोरच्या मशीनवर कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत बसलेले असत.

"दिवसभर लोकांचं दुखणं बघतेस आणि घरी येऊन परत तेच लिहितेस," ते एकदा म्हणाले. "कुणी शाल-नारळ देणार आहे का तुला?"

"अहो, आज एका घरी दारातच विचारलं मला, 'तुम्ही आलात म्हणजे आता सगळं संपलं का?' अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या मी. आम्ही कशाला येतो हेच लोकांना माहीत नाही. कुठेतरी नीट लिहून ठेवायला नको?"

म्हणून माझी तिसरी ओळ त्यांनी सगळ्यात आधी लिहिली होती. ही काळजी आजार कळल्या दिवसापासून, चालू उपचारांच्या जोडीनेच घेता येते, अशी ती ओळ होती. बाकीचा मी तिच्या मागेपुढे वाढलो.

मग मला तपासणीसाठी पाठवले. तिथे एक परीक्षक होते. ज्ञानकोशावर त्यांनी 'काटेकोर' असे टोपणनाव घेतले होते आणि ते नावाला जागत. पहिल्या खेपेला अकरा मिनिटांत मी परत आलो. शेरा होता, "स्वतःचा अनुभव हा संदर्भ होऊ शकत नाही." सिस्टर ज्या पथकातून घरोघरी जात, त्याच्या माहितीपुस्तिकेचा संदर्भ त्यांनी जोडला. दुसऱ्या खेपेचा शेरा आला, "लेख जाहिरातीसारखा वाटतो." तिसऱ्या खेपेला 'मायेचा हात' या दोन शब्दांखाली लाल रेघ आली. तसे बघितले तर काटेकोरांचे चुकत नव्हते. त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी रामबाण काढ्यांचे लेख पाठवत असे आणि ते निगुतीने परत पाठवत. पण सिस्टरचे तोंड एवढेसे झाले.

"आमच्याकडे गिऱ्हाइकानं तीनदा कपडा परत आणला, की आम्ही कापडाला दोष देत नाही," यजमान म्हणाले. "त्याला काय माप हवंय ते विचारतो आणि तसं शिवून देतो. तूही दे शिवून."

सिस्टर नर्सिंगच्या कॉलेजात गेल्या आणि तिथल्या ग्रंथालयातून एक जाडजूड पाठ्यपुस्तक घेऊन आल्या. लेखक होता, प्रकाशक होता, पान क्रमांक होता. त्या पानावर लिहिले होते की उपशामक काळजी म्हणजे सर्व उपचार थांबवल्यानंतर रुग्णाला दिली जाणारी सेवा. सिस्टर तिथे थबकल्या. "हे आता असं राहिलेलं नाही," त्या पुटपुटल्या. पुस्तक त्यांच्या नोकरीहूनही जुने होते. नवे पुस्तक मोठ्या ग्रंथालयात होते आणि तिथे जायचे म्हणजे चार दिवसांची रजा काढायला हवी होती. त्या दमल्या होत्या. त्यांनी स्वतःची ओळ खोडली आणि पुस्तकातली लिहिली. "एकदा आत तर जाऊ दे, मग बदलू," असे त्या स्वतःलाच म्हणाल्या.

आणि मला काय वाटले, माहीत आहे? आनंद झाला. खोटे कशाला सांगू? माझ्या पोटातली खरी ओळ गेली आणि पाहुणी ओळ आली, तिच्या अंगावर संदर्भाचा दागिना होता, आणि मी त्यावर भाळलो. काटेकोरांनी पान क्रमांक पडताळला आणि मला स्वीकारले. "नेमका आणि संदर्भयुक्त लेख," असा शेरा मिळाला. माझ्या कपाळावर हिरवी खूण आली. शाळेतली मुले मला प्रकल्पाच्या वहीत उतरवू लागली. इकडे सिस्टरची कामे वाढली, यजमानांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि 'मग बदलू' मधला तो 'मग' काही उजाडला नाही. मीही कधी कुरकुर केली नाही.

दोन वर्षांनी काटेकोरांनीच मला पुन्हा उघडले. तेव्हा त्यांचे घर मी प्रथम पाहिले. ते निवृत्त नकाशाकार होते. टेबलावर टोक काढलेल्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. खिडकीशी पलंगावर त्यांची पत्नी पडून होती. आजार हाडांत उतरला होता. औषधोपचार चालू होते आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती की सोबत उपशामक काळजीच्या पथकालाही भेटा.

त्यांनी माझी तिसरी ओळ मोठ्याने वाचली. "बघ, सर्व उपचार थांबवल्यानंतर. आपले तर चालू आहेत. या डॉक्टरानं आशाच सोडलेली दिसते."

"अहो, पण पाठ फार दुखते हो," त्या म्हणाल्या. "भेटून तर बघू."

"काही नको. लेख मी स्वतः तपासलाय, पानासकट."

"तुमच्या त्या मंडळींना पगार नाही, पेन्शन नाही, पण रुबाब बघा," असे म्हणून त्या हसल्या. हसताना दुखले, तेव्हा थांबल्या.

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडावेसे वाटले. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची ओळ बदलणे लेखाच्या हाती नसते. मी हिरवी खूण मिरवत तसाच उभा राहिलो.

असे चार महिने गेले. दुखणे वाढले की काटेकोर मला उघडत, तीच ओळ वाचत आणि मिटत. दरवेळी मला पलंग दिसे. आधी त्या टेकून बसलेल्या असत. नंतर एका कुशीवर पडून असत. नंतर नंतर टॉवेलचे टोक दातांत धरलेले असे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला तिथून हलता येत नव्हते.

शेवटी डॉक्टर रागावले आणि त्यांनी पथकातली नर्स थेट घरी पाठवली. त्या दिवसांत मी काटेकोरांच्या पडद्यावर उघडाच असे. त्या आमच्या सिस्टर नव्हेत, दुसरीच तरुण मुलगी होती. तिने औषधाच्या वेळा ठरवून दिल्या, गुडघ्याखाली उशी कशी द्यायची ते दाखवले, आणि पलंगाशी बसून बाईंना कशाकशाची भीती वाटते ते विचारले. तिसऱ्या दिवशी त्या दुपारभर झोपल्या. उठल्यावर त्यांनी केस विंचरून मागितले.

"काका, चार महिने का थांबलात?" नर्सने विचारले. "उपचार चालू असतानाच बोलवायचं असतं आम्हाला."

"लेखात..." काटेकोर एवढेच म्हणाले.

बाई पुढे सात आठवडे जगल्या. त्या आठवड्यांत टॉवेलचे टोक मी पुन्हा दातांत पाहिले नाही. एवढेच काय ते समाधान, आणि तेही माझ्यामुळे नव्हे.

त्यांच्यामागे काटेकोर मला दुरुस्त करायला बसले. त्यांनी तिसरी ओळ बदलली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, "पत्नीच्या आजारातून कळले." पंधरा मिनिटांत एका नव्या परीक्षकाने चुकीची ओळ परत आणली. शेरा होता, "स्वतःचा अनुभव हा संदर्भ होऊ शकत नाही." सगळ्या परीक्षकांनी वापरावे म्हणून हे वाक्य कधीकाळी काटेकोरांनीच तयार केले होते. मग लिहिणारे आणि तपासणारे आपसात बोलतात त्या, मला जोडलेल्या चर्चेच्या पानावर त्यांनी घरची सगळी हकिकत लिहिली आणि खाली लिहिले, "मी पान तपासले. पुस्तक कोणत्या सालचे आहे, हे मी तपासले नाही."

सिस्टरनी ते टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर वाचले. समोरची मशीन थांबली.

"अहो, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लिहितानाच माहीत होतं."

यजमानांनी काही थट्टा केली नाही. "मापाचं मीच सांगितलं होतं तुला," ते हळूच म्हणाले.

सिस्टर गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणारही नव्हते. पण त्यांनी काटेकोरांच्या खाली लिहिले, "ओळ मी लिहिली. ती चूक आहे हे ठाऊक असून लिहिली. मला क्षमा मागायलाही तोंड नाही." मग त्यांनी चार दिवसांची रजा काढली, मोठ्या ग्रंथालयात गेल्या आणि नवे पुस्तक शोधले. काटेकोरांनी या वेळी आधी साल पाहिले, मग पान. माझी तिसरी ओळ बरोबर झाली. ती दोघे एकमेकांना कधीच भेटली नाहीत.

आता माझ्यात चूक नाही, तरी मला चैन पडत नाही. अडीच वर्षांत ती ओळ माझ्यातून कुठे कुठे उतरवली गेली, ते मला ठाऊक नाही. कुणाच्या वहीत असेल, कुणाच्या फोनवर असेल, एखाद्या दवाखान्याच्या फलकावरही असेल. तिथवर माझा हात पोहोचत नाही. तुम्हाला ती कुठे दिसली तर ती माझी आहे असे समजा आणि खोडून टाका. तिच्याखाली पुस्तकाचे नाव आणि पान असले तरी खोडा. आणि तुमच्या घरात कुणी दुखते आहे असे म्हणाले, तर माझे पान मागाहून उघडा. आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, किती दुखते आहे.