सिस्टर बसल्या

प्रियदर्शिनी मलावीहून परतली तेव्हा महाडमध्ये तिला दोनच प्रश्न विचारले गेले: किती मिळाले, आणि मिळत नव्हते तर गेलीस कशाला? नर्सनं परदेशी जायचं म्हणजे आखातात जायचं आणि गावाकडे स्लॅबचं घर बांधायचं, हे सर्वांना ठाऊक. दोन वर्षं आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून राबून हात हलवत परत येणारी नर्स त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

डॉक्टर सुहासांनी तिला हॉस्पिटलात परत घेतलं. इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी होती, आणि जाण्याआधी ती तिलाच मिळायची होती.

"पण आता मध्ये गॅप पडला ना," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर बघू."

रोज शेकडो पेशंट तपासणं म्हणजे गॅप, हे तिला नव्यानंच कळलं.

मलावीत सुरुवातीला तिला भाषा येत नव्हती. त्यामुळे पेशंटच्या खाटेशेजारी बसायचं, तोंडाकडे बघत राहायचं आणि काही उमजेपर्यंत उठायचं नाही, अशी सवय लागली. ती सवय सामानाबरोबर महाडला आली.

पहिल्याच आठवड्यात ती उमरठच्या वरच्या वाडीतल्या भागूबाईंजवळ स्टूल ओढून बसली. साखर उतरून चक्कर येण्याची त्यांची ही तिसरी खेप. "कसं वाटतंय, आजी?" तिनं त्यांचा हात हातात घेऊन विचारलं.

ते बघून भागूबाईंचा मुलगा नाथू पांढरा पडला आणि बाहेर जाऊन त्यानं फोन लावला. दुपारपर्यंत अख्खी वाडी दोन जीपमधून वॉर्डात हजर. एकीनं तर दारातूनच गळा काढला. भागूबाई भाकरी खात होत्या. कोण गेलं ते त्यांनाही कळेना.

डॉक्टरांनी प्रियदर्शिनीला केबिनमध्ये बोलावलं. "काय सांगितलंत त्यांना?"

"काहीच नाही, सर. बसले फक्त."

"मग बसू नका. पुन्हा अशी गर्दी झाली तर इन्चार्जचं विसरा."

पण नुसत्या बसण्यानं दोन जीप कशा भरतात, हे काही तिच्या डोक्यातून जाईना. तिनं वॉर्डात नाथूला गाठलं.

"अवो, सिस्टर कंदी बसते का?" नाथू म्हणाला. "उभ्यानं सुई टोचते, उभ्यानं वरडते. आमच्या बापाजवळ एकच सिस्टर बसली व्हती. त्याच राती गेला."

"ती बसायच्या आदीच गेलेला रे मेल्या," भागूबाई खाटेवरून म्हणाल्या. "आनि तू गो, बस पुन्ना. ह्यो सकाळी मला साखरेची सुई टोचतो नि कामाला जातो. मी जेवते गुरं परतल्यावर. त्या आदी घास उतरत नाय. ह्याला सांगू नको."

नाथू तिथेच उभा होता.

प्रियदर्शिनीनं ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर स्वतः खाटेपाशी आले.

"आजी, मी इतकं विचारलं, मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं, पन उभ्यानं. मला वाटला, निघालाव."

डॉक्टरांचा हात घड्याळ बघायला वर आला होता, तो त्यांनी खाली घेतला. मग त्यांनी प्रियदर्शिनीला केबिनमध्ये बोलावलं. "सोमवारपासून इन्चार्ज तुम्ही. पण तुम्ही बसलात की लोक रडणार, त्याचं काय करायचं?"

"एकीजवळच बसले म्हणून घाबरले, सर. सगळ्यांजवळ बसते."

"मलावीत नाही घाबरायचे?"

"तिथे सरकून जागा द्यायचे."

सोमवारी ती पहिल्या खाटेजवळ बसली. नातेवाइकांचे हात खिशातल्या फोनकडे गेले. ती दुसऱ्या खाटेजवळ बसली तेव्हा ते थबकले. तिसरीजवळ बसली तेव्हा पलीकडच्या खाटांवरचे पेशंट आपापल्या उशा नीट करू लागले. तेवढ्यात तिला हाक आली आणि ती दाराकडे वळली, तोच कोपऱ्यातून पोटाच्या ऑपरेशनचे गोमाजीकाका ओरडले, "ओ सिस्टर, माझ्याजवळ न बसताच कुठं चाललाव? का माझ्यात काय राह्यला नाय?"