लंगड्या सिद्धाची कुबडी

झान रुई तीस वर्षं एकच माणूस रंगवत आला होता. जिंगदेचेनच्या शाही भट्टीवर चिनी मातीच्या भांड्यांवर कुणी नुसते ढग काढी, कुणी नुसते करकोचे. आठ अमर सिद्धांपैकी लंगडा तेवढा झानकडे. बादशहाला मरायचं नव्हतं, त्यामुळे त्याच्या ताटापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळीकडे न मरणारी माणसं लागत.

बादशहाच्या वाढदिवसाचे बारा रांझण रंगवून झाले आणि झिलईत बुडवले. झिलई कच्ची असेपर्यंत भिंतीच्या चुन्यासारखी पांढरी. खालचं चित्र दिसतं ते थेट भाजल्यावर. रांझण भट्टीत गेले, भट्टी विटांनी बंद झाली, आणि घरी पेज पिता पिता झानचा हात थांबला. शेवटच्या रांझणावर आपण कुबडी काढली का?

बायको म्हणाली, तीस वर्षांत हात कधी विसरला नाही. झान म्हणाला, हात विसरत नाही, पण त्या वेळी तो करकोचेवाल्याच्या गळपट्टीवर होता. करकोच्याचा पाय कुबडीच्या जागेत आला म्हणून दोघांची जुंपली होती.

झिलईवाल्या ओउयांगकडे तो तीनदा जाऊन आला. ओउयांग म्हणाला, मी झिलई बघतो, माणसं बघत नाही. "आणि पडला असला तुझा म्हातारा, तर आता त्याला कोण उचलायला जाणार आहे, भाऊ?"

गेल्या वर्षी कुणाचं तरी अमरत्वाचं पीच फळ सुकल्यासारखं दिसलं, तर त्याला तीस फटके बसले होते. इथे तर अख्खा सिद्धच आधाराविना. भट्टी पेटती होती तोवर झान तिच्याभोवती फिरत राहिला. लाकडं टाकणाऱ्यांनी हाकललं की दुसऱ्या बाजूने येई. भट्टी निवायला लागली तशी त्याची झोपही गेली.

भट्टी उघडली. अकरा रांझण तडकलेले, नाही तर वाकलेले. बारावा निर्दोष, टिचकी मारली तर घंटेसारखा वाजला. त्यावर लंगडा सिद्ध मुठीत हवा धरून उभा होता.

दरबाराने देखरेखीला नेमलेले खोजा कौसाहेब पुढे आले. नाव दुपारीच सुटायची होती, आणि रिकामी नाव पोचली तर पहिली मान त्यांचीच जाणार होती. त्यांनी रांझण पाहिला, खापरं पाहिली, नदीकडे पाहिलं.

"याचा पाय कसा आहे रे?"

झान माफी मागायला पुढे झाला.

"बरा झालाय," कौसाहेबच म्हणाले. "महाराजांच्या वाढदिवसाला आला आणि पाय बरा झाला. हे तू मुद्दाम काढलंस ना?"

"मुद्दामच, साहेब."

"मग पुढचे चाळीस असेच."

झानने वाकून नमस्कार केला. त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला.

सकाळी पहिला रांझण पुढ्यात घेतला. अंगरखा झाला, पाय झाले, दाढीला हात घालावा म्हणून मागे सरकून पाहिलं, तर कुबडी काखेत बसलेली. तीस वर्षांचा हात. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. कच्ची माती रंग पिऊन टाकते, पुसून निघत नाही.

झानने इकडेतिकडे पाहिलं, रांझण भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि दुसरा पुढे ओढला.