पान दोनशे चौदा

मी कायद्याचा एक ग्रंथ बोलतोय. गायरान आणि चराईच्या कायद्यावरचं भाष्य, पानं चारशे साठ. सोलापुरातल्या एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असतो, पण जिथं माझी प्रत, तिथं मीच.

मला लिहिलं वच्छलाबाईंनी. तीस वर्षं त्यांनी कायदा शिकवला. खेड्यातल्या माणसाला त्याचा कायदा त्याच्या भाषेत वाचता यावा, म्हणून निवृत्तीनंतर सात वर्षं खपून त्यांनी मला मराठीत उभं केलं. मी छापून आलो आणि वकिलांनी मला डोक्यावर घेतलं. 'बाईंचं पुस्तक' असं म्हटलं की समोरचा वाद आवरता घेई. खरं सांगतो, मलाही जरा ताठा चढला होता.

गेल्या वर्षी मोहोळकडच्या एका गावात गायरानावर गोदामं बांधायचं ठरलं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारणाऱ्या धनगरांनी हरकत घेतली. त्यांची वकील पूनम, बाईंचीच विद्यार्थिनी. प्रांताधिकाऱ्यांपुढे सुनावणी सुरू झाली आणि समोरच्या वकिलांनी मलाच उघडलं. पान दोनशे चौदा : कागदोपत्री नोंद नसेल तर चराईची वहिवाट टिकत नाही. पूनमनं पुढची तारीख मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बजाबाईंना घेऊन बाईंकडे आली. बजाबाई साठीच्या, दीडशे मेंढरांच्या धनी. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"बाई, ह्ये तुमीच लिवलंय व्हय?"

"हो, मीच."

"मग आमी मेंढरं कुटं न्यायची, त्ये बी लिवलंय का ह्यात?"

दोघी गेल्यावर बाईंनी मूळ कायदा काढला आणि शब्द न्‌ शब्द बोट ठेवून वाचला. कलमाच्या शेवटी एक परंतुक होतं, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली सूट. गावानं पूर्वापार मानलेल्या वहिवाटीला नोंदीची अट नव्हती. लिहिताना नेमकं तेच नजरेतून निसटलं होतं. मला लाजेनं मिटून जावंसं वाटलं. प्रकाशकांनी सुचवलं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. बाईंनी विचारलं, "तोवर मेंढरांनी काय खायचं?"

तारखेला त्या स्वतः गेल्या. वय चौऱ्याहत्तर, काखेत मी. पूनमनं परवानगी मागितली आणि बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, या पानावर माझी चूक झाली आहे. कायद्याची नाही."

त्यांनी परंतुक मोठ्यानं वाचलं. समोरच्या वकिलांनी ते मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि खाली बसले. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी झाल्या. दोन महिन्यांनी निकाल लागला : वहिवाट कायम. गायरान राहिलं.

बाई तिथं थांबल्या नाहीत. जिथं जिथं माझ्या प्रती होत्या, त्या त्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी प्रत्येक प्रतीत आपल्या हातानं चिठ्ठी चिकटवली : 'इथे लेखिकेची चूक झाली आहे. परंतुक पाहावे.' खाली पूर्ण सही.

त्या चिठ्ठीनं माझं ते पान जरा फुगलंय. मुलं मला उघडतात तेव्हा मी आपसूक तिथंच उघडतो. पूर्वीचा ताठा गेला, पण अशा बाईंच्या हातचा मी, याचा अभिमान मावत नाही.

मला वाचाल तेव्हा मूळ कायदा शेजारी उघडा ठेवा. आणखी कुठं चुकलो असेन तर बाईंना जरूर कळवा. पत्ता पहिल्या पानावर आहे. डिंकाची बाटली अजून त्यांच्या टेबलावरच असते.